निकालानंतरची कुस्ती

आखाड्यातील कुस्ती सहा मिनिटांत संपते. परंतु तिच्याविषयीचा वाद सहा दिवस पुरतो, असा आपल्याकडील सार्वत्रिक अनुभव आहे. पंचांनी विजयी मल्लाचा हात वर केला, चांदीची गदा त्याच्या खांद्यावर गेली आणि हलगी थांबली, की प्रेक्षकांच्या जिभेवर दुसरी कुस्ती सुरू होते. जळगाव-धुळ्याकडे तर ह्या दुसऱ्या कुस्तीला ऋतूचीही साथ लाभते. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा बहुधा हिवाळ्यात भरते, आणि खानदेशात मळ्यामळ्यांतून भरिताचे बेत होतात तेही ह्याच दिवसांत. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात असतात, कळण्याच्या भाकरी थापल्या जात असतात, आणि सभोवार बसलेल्या मंडळींत मात्र वांग्यांपेक्षा पंचच अधिक भाजून निघत असतात!

अशा बैठकीत तीन प्रकारचे आवाज हटकून ऐकू येतात. एखादे वृद्ध गृहस्थ ठासून सांगतात, “तो चित व्हयनाच नही! पाठ लागलेली मी पाहिली नाही.” महाविद्यालयात जाणारा त्यांचा नातू म्हणतो, “आजोबा, पाठीचा प्रश्नच नाही. नियमाप्रमाणे चार गुण होतात, ते दिले.” आणि कोपऱ्यातले एखादे काका सुपारी कातरत निर्णय देतात, “अरे, हे सारे आधीच ठरलेले असते.” वाद तास-दीड तास चालतो, कोणाचेही मत बदलत नाही, आणि घरातील स्त्रिया ‘ह्या रिकामपणच्या गोष्टी’ म्हणून पाने मांडावयास लागतात.

ही गोष्ट खरोखरच रिकामपणची आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. निवाडा कसा करावा, आणि आपणांस न पटलेला निवाडा कसा सोसावा अथवा त्यावर हरकत कशी घ्यावी, हे शिकण्याची एवढी सोपी शाळा दुसरी नाही. मात्र त्या शाळेत बसण्याची रीत ठाऊक असली पाहिजे.

खानदेशाचा अभिमान

कुस्ती म्हटली की कोल्हापूर, सांगली, सातारा आणि पुणे ह्यांची नावे प्रथम ओठांवर येतात, आणि ते रास्तच आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरास मल्लविद्येचे जे वैभव प्राप्त झाले, त्याची साक्ष खासबागेचे मैदान आजही देते. ह्या मानाने खानदेश मागे, अशी समजूत कित्येक वर्षे होती. ती समजूत चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी ह्या गावच्या एका तरुणाने मोडून काढली. विजय चौधरी ह्यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशा लागोपाठ तीन स्पर्धांत महाराष्ट्र केसरीचा मान मिळविला. त्यापूर्वी २०११ ते २०१३ ह्या काळात नरसिंग यादव ह्यांनी असाच पराक्रम केला होता. पुढे चौधरी पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले, आणि २०२३ साली कॅनडातील विनिपेग येथे भरलेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले.

ह्या यशाचा एक परिणाम असा झाला की, ज्या घरांतून कुस्ती म्हणजे आडदांडांचा खेळ असे मानले जाई, त्या घरांतूनही कोणता मल्ल कोणत्या डावात तरबेज आहे ह्याची चर्चा होऊ लागली. वस्तुतः सुशिक्षित घरांना आखाडा अपरिचित असण्याचे कारण नव्हते. उत्तर पेशवाईत मल्लखांबाची विद्या नावारूपास आणणारे बाळंभटदादा देवधर हे आपल्यातच होऊन गेले. तालीम आणि पाठशाळा ह्यांत वैर आहे ही कल्पना अलीकडची. ती जितकी लवकर जाईल तितके बरे.

माती आणि गादी

निकालानंतरचे अर्धे वाद एका साध्या कारणाने उद्भवतात: पाहणाऱ्याचा डोळा एका कुस्तीवर तयार झालेला असतो आणि पंचांचा निर्णय दुसऱ्या कुस्तीच्या नियमांनी होतो. खेडोपाडी जत्रेत भरणारी दंगल ही निकाली कुस्तीची. तेथे पाठ लागली की कुस्ती संपली; न लागली तर मल्ल तासभर झुंजले तरी बरोबरीत सोडवावयाचे. तेथील निवाडा सर्वांच्या डोळ्यांदेखत होतो आणि लहान मुलासही समजतो.

आंतरराष्ट्रीय नियमांची कुस्ती निराळी आहे. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. प्रतिस्पर्ध्यास खाली आणून त्याच्यावर ताबा मिळविल्यास दोन गुण. वर्तुळाबाहेर ढकलल्यास एक. उभ्या स्थितीतून त्याला सरळ पाठीच्या बाजूने धोकादायक स्थितीत टाकल्यास चार. आणि मोठ्या उंचीची भव्य फेक साधल्यास पाच. दहा गुणांची आघाडी झाली की तांत्रिक वर्चस्वावर कुस्ती तेथेच थांबते. जो मल्ल नुसता अंग चोरून वेळ काढतो, त्याला ताकीद मिळते. तरीही तो हलला नाही तर तीस सेकंदांची मुदत लावतात, आणि तेवढ्यात कोणीच गुण मिळविला नाही तर प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात एक गुण पडतो. शेवटी गुण समान झाले तर मोठ्या मोलाचा डाव कोणी केला, ताकिदी कोणास कमी मिळाल्या आणि अखेरचा गुण कोणाचा, ह्या क्रमाने विजेता ठरतो. धावफलकावर समान आकडे दिसत असता एकाचाच हात वर होतो, तेव्हा प्रेक्षकांत जी खळबळ उडते तिचे कारण बहुधा हेच असते.

महाराष्ट्र केसरीची घडण ह्या दोन्ही परंपरांना जोडणारी आहे. माती विभाग आणि गादी विभाग असे दोन विभाग स्वतंत्र लढविले जातात, आणि दोहोंतील विजेते अंतिम कुस्तीत समोरासमोर येतात. परंतु माती विभागातही गुणांची मोजणी असतेच. जत्रेतल्या आखाड्यावर वाढलेल्या प्रेक्षकाला पायांखाली तीच माती दिसते, म्हणून तो तोच नियम गृहीत धरतो, आणि फसगत झाल्यासारखे त्यास वाटते.

दोन गाजलेले निकाल

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यास कोथरूड येथे झालेल्या स्पर्धेत माती विभागाची अखेरची लढत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड ह्यांच्यात झाली. गायकवाड ह्यांनी बाहेरची टांग लावली आणि पंचांनी त्यांस चार गुण दिले. ह्या चार गुणांवरून साऱ्या महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो अनेकांच्या स्मरणात असेल. मुद्दा एवढाच होता की, शेख पडताना थेट धोकादायक स्थितीत गेले की नुसते कुशीवर आले. पहिली गोष्ट खरी तर चार गुण; दुसरी खरी तर कमी. निमिषमात्राच्या ह्या प्रश्नावर लोकांनी चित्रफिती थांबवून थांबवून पाहिल्या. येथपर्यंत सारे ठीक होते. परंतु पुढे पंचांना दूरध्वनीवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत द्यावी लागली, तेव्हा वादाने आपली मर्यादा सोडली असे म्हणणे प्राप्त आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फुलगाव येथील स्पर्धेत शेख ह्यांनी शिवराज राक्षे ह्यांना अवघ्या काही सेकंदांत चीत करून गदा मिळविली.

दुसरा प्रसंग त्याहून उद्वेगजनक. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे गादी विभागाच्या अखेरच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळ ह्यांनी राक्षे ह्यांस चीत केल्याचे पंचांनी जाहीर केले. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते, चित्रफीत पुन्हा पाहावी, असे राक्षे ह्यांचे म्हणणे होते. बोलाचाली वाढली, त्यांनी पंचांची गळपट्टी धरली आणि लाथ मारली. त्याच सायंकाळी मोहोळ आणि गायकवाड ह्यांची अंतिम कुस्ती संपण्यास थोडेच सेकंद उरले असता, निर्णय न पटल्याने गायकवाड मैदान सोडून गेले आणि मोहोळ विजयी ठरले. राक्षे आणि गायकवाड ह्या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

राक्षे ह्यांचे खांदे टेकले होते की नव्हते, हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु ह्यापूर्वी ही गदा जिंकलेल्या एका कसलेल्या मल्लाची हरकत कदाचित विचारार्ह असेलही; तिचे पुढे काय झाले ते पाहा. दुसऱ्या दिवसापासून खांद्यांविषयी कोणीच बोलेना. सारी चर्चा पायाविषयी! जो प्रश्न त्यांना विचारावयाचा होता तो त्यांच्याच लाथेने पुसून टाकला.

तीन प्रश्न वेगळे ठेवावेत

आता पुन्हा भरिताच्या बैठकीकडे वळू. आजोबा, नातू आणि काका एकाच निकालावर भांडत आहेत असे वरवर दिसते; वास्तविक ते तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. आजोबांचा प्रश्न घडलेल्या गोष्टीचा: पाठ लागली की नाही? नातवाचा प्रश्न नियमाचा: असे घडले तर नियम काय सांगतो? काकांचा प्रश्न नियतीचा: निवाडा करणाऱ्याचे मन शुद्ध होते की नाही? तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण एकाचे उत्तर दुसऱ्यास लागू पडत नाही.

पहिल्या प्रश्नाविषयी आपण फार सावध असावे. मल्ल चीत ठरण्यास त्याचे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले असावे लागतात, आणि त्याच्यावर पूर्ण ताबा आहे हे पंचांस दिसेल इतका वेळ ते तसेच राहावे लागतात. एका बाजूने घेतलेल्या चित्रात जवळचा खांदा दिसतो, पलीकडचा झाकला जातो. म्हणूनच गादीवरील पंच, कडेला बसलेला निर्णायक आणि गादीप्रमुख असे तिघे तीन बाजूंनी पाहतात, आणि तिघांपैकी दोघांचे एकमत झाले म्हणजे गुण नोंदला जातो. हातातील दूरध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर एका अंगाने पाहिलेल्या दृश्यावरून “मी डोळ्यांनी पाहिले” असे म्हणणे म्हणजे अर्धी साक्ष देणे होय.

दुसरा प्रश्न वाचनाने सुटतो, आणि तेवढे कष्ट आपण घेत नाही. नियम कित्येकदा कठोर असतो, परंतु कठोर म्हणजे खोटा नव्हे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट पन्नास किलो वजनगटाच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि कुस्तीच्या दिवशी सकाळी वजन शंभर ग्रॅम अधिक भरल्यामुळे अपात्र ठरल्या. रौप्यपदक तरी मिळावे म्हणून त्यांनी क्रीडा लवादाकडे दाद मागितली; ती फेटाळली गेली. घरोघरी हळहळ झाली. नियम बदलावा असे म्हणणे रास्त असू शकते. परंतु नियम बदलावा म्हणणे निराळे आणि पंचांनी लबाडी केली म्हणणे निराळे.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर, आणि नेमका तोच आपण सर्वांत हलक्या हाताने विचारतो. एखाद्या माणसाच्या प्रामाणिकपणावर आरोप करावयाचा तर पुरावा पाहिजे. ‘आपला गडी हरला’ हा पुरावा होऊ शकत नाही. काकांच्या वाक्यात आणखी एक दोष आहे: सारेच आधी ठरलेले असते म्हटल्यावर पाहण्यासारखे आणि सुधारण्यासारखे काहीच उरत नाही.

हरकत घ्यावी, पण कशी?

ह्यावरून पंचांचा शब्द मुकाट्याने मानावा, असा कोणी अर्थ काढील तर तो चूक ठरेल. आपल्या महाराष्ट्राच्या सर्वांत थोर मल्लाची कथाच ह्याविरुद्ध साक्ष देते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या यशाच्या आधी एक हरकत आहे आणि त्यातच एक न घेतलेली हरकत आहे. ऑलिंपिकसाठीच्या निवडीत निरंजन दास ह्यांच्याविरुद्ध ते एका गुणाने हरल्याचे ठरविण्यात आले. हा निर्णय अन्यायाचा आहे असे खाशाबांचे मत होते. त्यांनी दंगा केला नाही की गप्पही बसले नाहीत. कुस्तीचे चाहते असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी ती निर्विवाद जिंकली. ती दाद मागितली नसती, तर ते पदक आपल्या देशास मिळाले नसते.

हेलसिंकीत नेमके उलटे घडले. जपानच्या शोहाची इशी ह्यांच्याशी दीर्घ झुंज देऊन ते थकले असता, लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्ह ह्यांच्याशी लढण्यास त्यांना सांगण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो नियम बोलून दाखविण्यास भारताचा एकही अधिकारी त्या ठिकाणी हजर नव्हता. खाशाबा तसेच लढले आणि हरले. त्या सुवर्णसंधीचा निर्णय बळाने झाला की केवळ एका न उच्चारलेल्या वाक्याने, हे आता कोण सांगणार?

दाद मागणारे खाशाबा जिंकले. दाद मागण्यास कोणी नव्हते तेथे हरले. आणि दाद मागण्याऐवजी लाथ मारणाऱ्याची दादच नाहीशी झाली. तीन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे अधिक सांगावे लागत नाही.

आजच्या नियमांत तर हरकतीची सोयच करून ठेवलेली आहे. मल्लाच्या बाजूने बसलेला वस्ताद मऊ स्पंजाचा ठोकळा गादीवर टाकतो आणि चित्रफीत पुन्हा तपासली जाते. पण हा हक्क फुकटचा नाही. हरकत खोटी ठरली तर प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो आणि पुन्हा हरकत घेता येत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिक शून्य-पाच अशा पिछाडीवरून अखेरच्या क्षणांत पुढे गेल्या. प्रतिपक्षाने हरकत घेतली, ती फेटाळली गेली, आणि अंतिम आकडा आठ-पाच असा झाला. त्या आठव्या गुणाचे मूळ ह्या फेटाळलेल्या हरकतीत आहे. बोलण्यापूर्वी विचार करावयास लावणारा असा नियम घरातील वादांनाही लावता आला असता तर किती बरे झाले असते!

डावपेच की पळपुटेपणा?

निर्णयाप्रमाणेच डावपेचांवरही वाद होतात. अमुक मल्ल लढलाच नाही, नुसता पट काढण्यापासून पाय वाचवीत राहिला, ही तक्रार फार जुनी आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन येथे आपला गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को ह्यांची गाठ पडली. गामाने त्याला लवकरच खाली आणले. त्यानंतर झिबिस्को अडीच तासांहून अधिक काळ हातापायांवर बसून राहिला आणि त्याने पाठ काही लागू दिली नाही. कुस्ती बरोबरीत राहिली. पुन्हा गाठ ठरली त्या दिवशी तो आलाच नाही, आणि मानाचा पट्टा गामास मिळाला. १९२८ साली पतियाळास दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले.

झिबिस्कोस भ्याड म्हणावे काय? त्या दिवशीच्या नियमांत बसून राहण्यास बंदी नव्हती. आपल्याहून प्रबळ मल्लापुढे न हरणे हेच त्याने आपले ध्येय ठरविले होते. खेळाडूला दोष देण्याआधी त्याच्या नियमाला दोष द्यावा, आणि तो सुधारावा. निष्क्रियतेची ताकीद आणि तीस सेकंदांची मुदत ही अशाच असंतोषाची फळे आहेत. प्रेक्षकांची शहाणी कुरकुर खेळाला सुधारते. वेडी कुरकुर त्याला बदनाम करते.

घरातील आखाडा

एकत्र कुटुंबात रोज कोणी ना कोणी पंच असतो. मुलांच्या भांडणात आजी, जावांच्या कामवाटणीत सासूबाई, शेताच्या किंवा घराच्या वाटणीत वडीलधारे काका. तेथेही वर सांगितलेले तीनच प्रश्न असतात: घडले काय, रीत काय, आणि निवाडा देणाऱ्याचा कल कोणाकडे? आणि तेथेही आपण बहुधा तिसऱ्यापासून आरंभ करतो. “आईचे नेहमी त्याच्याकडेच झुकते माप” हे वाक्य उच्चारले गेले की पहिल्या दोन प्रश्नांची चौकशी संपली, आणि मनात अढी बसली. उलट, ज्या घरात धाकट्यांना बोलण्याची मुभाच नसते, तेथे हेलसिंकीसारखे होते: नियम असतो, पण तो बोलून दाखविणारे कोणी नसते.

म्हणून मुलांना कुस्तीचा वाद जरूर घालू द्यावा. फक्त वडील मंडळींनी मधूनमधून विचारावे: “हे तू पाहिलेस, की ऐकलेस? नियम वाचलास काय? पंच लबाड आहेत असे म्हणतोस, ते कशावरून?” ह्या तीन प्रश्नांना उत्तरे देता देता जो मुलगा अथवा जी मुलगी आपले मत थोडे बदलण्यास तयार होईल, तिच्या हाती पुढे कोणताही निवाडा निःशंकपणे सोपवावा. आणि घरातील स्त्रियांनी पाने मांडण्याची घाई न करता ह्या चर्चेत बसावे, आणि बैठकीतील पुरुषांनी पाने मांडण्यास उठावे. कारण निवाडे करण्याचे आणि सोसण्याचे प्रसंग घरात सर्वांत अधिक त्यांच्याच वाट्याला येतात.